30 फुटी कॅम्परसाठी हेवी ड्युटी पिकअप लागेल का? 250, 350 आणि 450 यांत नेमका फरक काय?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: अमेरिकेत राहता, चौघांचं कुटुंब आहे, 30 फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचा कॅम्पर, घ्यायचा घाट घातलाय, वर्षाला सहा-सात सहली होतील. घरची एफ-150, म्हणजे फोर्डची साधी पिकअप, त्याला पुरेल की सुपर ड्युटीकडे, म्हणजे फोर्डच्या 250, 350, 450 या दणकट गाड्यांकडे वळावं? आणि वळलंच तर कुठली घ्यावी?

मी याच वाटेने गेलोय आणि त्यात एकदा चांगलाच चुकलोय, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

आधी ते 40,000 पौंड डोक्यातून काढा. फोर्डच्या जाहिरातीत तो आकडा आहे आणि खराही आहे, पण तो एफ-450 चा, सगळ्यात तगडं डिझेल घेऊन, गूसनेक ट्रेलर लावल्यावरचा. गूसनेक म्हणजे हौद्याच्या मधोमध, मागच्या चाकांवर टेकणारी जोडणी. बंपरखाली चेंडूला अडकवलेल्या कॅम्परशी त्या आकड्याचा काही संबंध नाही. एफ-350 च्या बरोबरीच्या गाड्या, शेवरोले-जीएमसीचे 3500 आणि रॅम 3500, यांचे मोठे आकडे 36,000 च्या घरात जातात, तेही असेच. तुमचा कॅम्पर भरून 8,000-9,000 पौंडांचा होईल. एवढं वजन ओढायला हल्लीच्या बहुतेक हाफ टन, म्हणजे एफ-150 च्या वर्गातल्या, गाड्या कागदावर तयार असतात.

घोडं अडतं ते ओढण्यात नाही, पाठीवर घेण्यात. ट्रॅव्हल ट्रेलर आपल्या वजनाच्या 10 ते 15 टक्के भार ट्रकच्या मागच्या टोकावर टाकतो. तो भार, गाडीतली माणसं, हौद्यातलं सामान, हे सगळं मिळून पेलोड. हा आकडा ब्रोशरमध्ये शोधू नका. ड्रायव्हरचं दार उघडा, दाराच्या खांबावर पिवळा-पांढरा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून अमुक पौंडांच्या वर जाऊ नये, असं त्यावर लिहिलेलं असतं. सनरूफ, कातडी सीट, मोठी चाकं, जे जे तुम्ही हौसेने घेतलंत ते त्या आकड्यातून आधीच वजा झालेलं असतं. म्हणून एकाच मॉडेलच्या शेजारी शेजारी उभ्या दोन गाड्यांचे स्टिकर वेगळे निघतात.

माझ्या पहिल्या हाफ टन गाडीवर 1,480 होतं. ब्रोशर म्हणत होतं 11,000 पौंड ओढते. कॅम्पर 28 फुटी, भरून 7,600. ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचा वजनकाटा असतो, त्यावर पुढची चाकं, मागची चाकं आणि ट्रेलर यांचं वजन वेगवेगळं मिळतं. कॅम्परचा ट्रकवरचा भार 950 निघाला. त्यात आम्ही चौघे 520, हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा लोखंडी सांगाडा, 100, आणि जनरेटर, सायकली, जळण मिळून 250. बेरीज 1,820. म्हणजे ब्रोशरच्या हिशेबाने 3,400 पौंड शिल्लक आणि दाराच्या हिशेबाने 340 पौंड जास्त.

हा हिशेब मी सहलीआधी केला नव्हता, हे कबूल करतो. डेन्व्हरहून पश्चिमेला निघालो. आयझेनहॉवर बोगदा 11,000 फुटांच्याही वर आहे. तो ओलांडला की सिल्व्हरथॉर्नपर्यंत 7 टक्क्यांचा सलग उतार लागतो. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी तिथे बाजूला वाळूचे चढ बांधून ठेवलेत, त्यांच्या पाट्या बघूनच पोटात गोळा येतो. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन किंचाळतंय, तरी वेग वाढतोय, ब्रेक दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. खाली पोचून दार उघडलं तेव्हा पुढच्या चाकांमधून जळक्या ब्रेकचा वास येत होता. बायको काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

हेवी ड्युटी गाडीचा खरा फरक मला पुढे त्याच उतारावर कळला. डिझेल ट्रकला एक्झॉस्ट ब्रेक असतो. टर्बोच्या, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या, आतली पाती मिटतात, धुराची वाट अडते आणि इंजिनच गाडीला मागे खेचू लागतं. टो-हॉल मोड, म्हणजे ओझं ओढतानाची गिअरची सेटिंग, लावला, बटण दाबलं, की गिअर आपोआप खाली येतो आणि वेग धरून ठेवतो. तोच कॅम्पर, तोच उतार, आणि माझा पाय बहुतेक वेळ नुसता जमिनीवर. चढाला ताकद लागते हे सगळ्यांना माहीत असतं. मी पैसे मोजले ते उतारासाठी.

बाकीचा फरक गाडीखाली वाकून बघायचा. हाफ टनच्या चाकाला साधारण सहा नट असतात, फोर्डच्या 250 ला आणि इतरांच्या 2500 ला आठ. मागचा एक्सल फुल फ्लोटिंग, म्हणजे गाडीचं वजन एक्सलच्या जाड नळीवर बसतं आणि आतला दांडा फक्त चाक फिरवतो. टायर लोड रेंज ई, म्हणजे जड भाराच्या वर्गातले, त्यात 80 पीएसआयपर्यंत हवा भरता येते. चासी जाड, ब्रेक मोठे, रेडिएटर मोठा. पुढच्या बाजूला फोर्ड आणि रॅमच्या फोर व्हील गाड्यांना अखंड एक्सल असतो, जीएमला, म्हणजे शेवरोले-जीएमसीला, दोन्ही चाकांचं सस्पेन्शन स्वतंत्र. म्हणून रिकाम्या रस्त्यावर जीएम जरा मऊ चालते. मागे बहुतेकांना पाटे, म्हणजे एकावर एक लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग, असतात. रॅम 2500 ला मात्र 2014 पासून कॉइल स्प्रिंग आहेत. रिकामी असताना 350 किंवा 3500 खड्ड्यातून न्या, म्हणजे मणके मोजून मिळतील.

आता नावं. हाफ टन, थ्री क्वार्टर टन, वन टन ही जुन्या काळची पेलोडची नावं, आज त्यांना काडीचा अर्थ नाही. 250 आणि 2500 म्हणजे थ्री क्वार्टर, 350 आणि 3500 म्हणजे वन टन. वन टनमध्ये मागे दोन चाकांचीही मिळते आणि चार चाकांचीही. चार चाकांच्या गाडीला ड्युअली म्हणतात. 450 ड्युअलीच, त्यातही जास्त जड आणि पुढची चाकं रुंद लावलेली, त्यामुळे एवढ्या आकाराच्या मानाने ती चटकन वळते. 450 तुमच्या कामाची नाही, तिला इथेच सोडू.

इंजिनांवर लोक भांडत बसतात. रॅममध्ये कमिन्सचं सहा सिलिंडरी डिझेल 1989 पासून आहे आणि त्याचे भक्त वेगळेच. जीएमचं ड्युरामॅक्स 2001 चं, इसुझूबरोबर मिळून केलेलं. फोर्ड आधी नॅव्हिस्टारकडून इंजिन घ्यायची, 2011 च्या मॉडेलपासून 6.7 लिटरचं स्वतःचं बनवते. त्याची वरची आवृत्ती आज 500 हॉर्सपॉवर आणि 1,200 पौंड-फूट टॉर्क देते. तिन्ही चांगली आहेत. तुमच्या कॅम्परला तिन्ही गरजेपेक्षा दुप्पट आहेत.

मी चुकलो ते इथेच. उतारावरच्या त्या घाबरगुंडीनंतर थेट थ्री क्वार्टर टनचं वापरलेलं डिझेल उचललं, स्टिकर न बघता. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा काहीशे पौंड जड असतं, आणि थ्री क्वार्टर टनच्या बऱ्याच गाड्यांचं एकूण अनुज्ञेय वजन, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर, 10,000 पौंडांवर अडकवलेलं असतं. कारण 10,000 ओलांडलं की धंद्यासाठी राज्याबाहेर चालवताना केंद्राचे मोठ्या ट्रकांचे नियम लागू होतात. वरची मर्यादा बांधलेली, त्यात इंजिन जड, मग उरणार काय? नाकापेक्षा मोती जड. एवढ्या दांडग्या गाडीच्या दारावर मला 2,130 दिसलं. हाफ टनपेक्षा फक्त 650 ने जास्त! कॅम्परला पुरतं, पण पुढे फिफ्थ व्हील, म्हणजे हौद्यात टेकणारा मोठा कॅम्पर, घ्यायची मनात होती, ती गेली. 14,000 पौंडांच्या फिफ्थ व्हीलचा 20 टक्के भार हौद्यावर धरला तरी 2,800 होतो. 15,000-18,000 पौंड ओढू शकणारी गाडी इथे पाठीनेच हरते. तेच इंजिन, तोच सांगाडा, मागचे पाटे वेगळे आणि दारावरचा स्टिकर वेगळा, एवढ्यावर वन टन गाडी हजार-दीड हजार पौंड जास्त घेते, आणि किमतीतला फरक डिझेलच्या जादा पैशांपुढे किरकोळ असतो. जीएमच्या नव्या 2500 मध्ये हा आकडा वर नेलाय, त्या यातून बऱ्याचशा सुटल्यात.

डिझेलचे इतर लाड वेगळे. नव्या गाडीत त्याचे दहा हजार डॉलरच्या आसपास जास्त पडतात. डीईएफ, म्हणजे युरियाचं पाणी, भरत राहावं लागतं. धुराच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, तो तापून स्वतः साफ व्हायला सलग हायवे लागतो. आम्ही एक अख्खा हिवाळा हा ट्रक शाळा आणि किराणा एवढ्यावरच चालवला. प्रत्येक वेळी साफसफाई अर्धी राहायची. शेवटी दिवा लागला, गाडीने ताकद कमी केली आणि गॅरेजवाल्याने जे बिल लावलं त्यात छान सहल झाली असती. दोष त्याचा नाही, माझाच. मायलेजचं म्हणाल तर खिडकीवरच्या कागदावर आकडा सापडणार नाही. 8,500 पौंडांवरच्या जीव्हीडब्ल्यूआरच्या पिकअपना तो लावायची सक्तीच नाही. माझी गाडी कॅम्परसकट गॅलनला 10-11 मैल देते, रिकामी हायवेवर 16-17.

म्हणून तुमच्यासाठी माझं मत: वर्षाला सहा-सात सहली आणि एरवी ऑफिस असेल तर पेट्रोल इंजिनची 250 किंवा 2500. इंजिन हलकं, त्यामुळे पेलोड सहज 3,000 च्या आसपास मिळतो, आणि छोट्या फेऱ्यांनी ते रुसत नाही. उंचीवर त्याचा दम लागतो, दर हजार फुटांना साधारण 3 टक्के ताकद जाते, चढाला ओरडत जाईल. ओरडू द्या. सतत डोंगरात फिरणार असाल किंवा फिफ्थ व्हीलचं स्वप्न असेल तर डिझेलच, पण मग मागे दोन चाकांची 350. 250 डिझेल हा मधला पर्याय सगळ्यात जास्त खपताना दिसतो आणि मला तोच सगळ्यात कमी पटतो. एफ-150 ठेवायचीच असेल तर आज रात्री दार उघडून स्टिकर वाचा. 1,900-2,000 च्या वर असेल आणि कॅम्पर थोडा लहान घेतलात तर भागेलही.

कॅमेरे, ट्रेलर आपोआप मागे घेणारी यंत्रणा, हौद्यातल्या वजनाचा अंदाज स्क्रीनवर दाखवणारा काटा, हे सगळं मिळतं, सोयीचंही आहे. त्यातली एकच गोष्ट सोडू नका: कंपनीनेच बसवलेला ट्रेलर ब्रेक कंट्रोलर. ट्रेलर डुलायला लागला की डॅशवरची ती कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावता येतात.

आणि डीलरकडे जाताना टेप न्या. चार दारांची, पावणेसात फुटी हौद्याची एफ-250 जवळजवळ 21 फूट भरते, आठ फुटी हौदा घेतला तर 22 च्या वर. मी गॅरेज मोजलं ते सही करून घरी आल्यावर. ट्रक चार वर्षं बाहेरच उभा आहे आणि बर्फ पडलं की काच खरवडायची पाळी माझी असते.