जपाला नव्याने बसताना

ताई, जप करताना मन पळतं म्हणून खट्टू होऊ नका. पळणारच. मन आवरणं वाऱ्याइतकंच कठीण, ही तक्रार गीतेच्या सहाव्या अध्यायात खुद्द अर्जुनाने केली आहे. भगवंतांनीही ती मान्य करूनच अभ्यास आणि वैराग्य हे उपाय सांगितले. त्याच अध्यायातला २६ वा श्लोक जमल्यास पाठ करा. मन जिथे जिथे भरकटेल तिथून त्याला परत आणायचं, एवढंच त्यात आहे. भरकटल्याबद्दल स्वतःला बोल लावायला सांगितलेलं नाही.

गोंदवलेकर महाराजांच्या परंपरेतला ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा त्रयोदशाक्षरी मंत्र घेतलात, तर शेवटचा ‘राम’ गिळू नका. घाई तिथेच सुरू होते. आवाज आपल्या कानाला ऐकू येईल एवढाच ठेवा. माळ मधल्या बोटावर, अंगठ्याने एकेक मणी ओढायचा, तर्जनी बाजूला. मेरुमणी (माळेच्या जोडावरचा वेगळा मणी) आला की ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची.

आसन, दिशा, वेळ यांचा फार घोळ घालू नका.

‘किती माळा झाल्या?’ ही खरी मेख. मोजायला १०८ मणी आहेतच, मनाने वेगळा हिशेब कशाला? (संकल्पाचे आकडे ऐकून तर भले भले धावायला लागतात.) कुकरची शिट्टी झाली तर खुशाल उठा, गॅस बंद करा, आणि राहिलेल्या मण्यापासून पुढे चालू करा. पहिल्यापासून नको.