सीमा आता बांधावर आली आहे

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

वडिलांची दोन एकर थॉमसन द्राक्षं यंदा निर्यातीला धरतोयस, वाचून फार बरं वाटलं. “माल एकदा न्हावाशेव्याला पोचला की आपलं काम संपलं ना?” असं विचारलंस. मीही कित्येक वर्षं तसंच समजून होतो. हद्द म्हणजे बंदर, कस्टम आणि शिक्का.

२०१० ला तो समज मोडला. आपल्या द्राक्षांत युरोपात सीसीसीचा, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा, अंश निघाला. खरड छाटणीनंतर, म्हणजे उन्हाळ्यातल्या छाटणीनंतर, शेंडा रोखायला आम्ही सगळेच ते मारायचो. कंटेनर तिकडे अडकले, त्यात माझाही एक. निर्यातदाराच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर फोटो पाहिले. मणी अजून चांगले होते, देठ मात्र तपकिरी पडलेले. देठ सुकला की घडाला कोण विचारतो? ते देठ अजून डोळ्यांपुढून जात नाहीत.

तेव्हापासून मी युरोपची सीमा बागेतच धरतो. ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, प्लॉटची नोंद केलीस की काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस येईल, वेगवेगळ्या ओळींतून घड कापेल, तुझ्यासमोर पिशवी सील करेल. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला तिकडे सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅमची अट आहे. म्हणजे शंभर टन द्राक्षांत एक ग्रॅम! शेजारच्या टोमॅटोवरचा फवारा वाऱ्याने आला तरी घोटाळा होतो. तेव्हा शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेव, आणि दुसऱ्याचा फवारणीचा ब्लोअर आणलास तर टाकी स्वतः धुऊन घे. दुकानदार “सगळे हेच मारतात” म्हणाला, तर बाटली तिथेच ठेवून ये.

एक गोष्ट मला सलते, तीही सांगतो. युरोपात ज्यांच्या वापराला बंदी आहे अशी काही कीटकनाशकं तिथल्याच कारखान्यांतून बाहेरच्या देशांना विकली जातात. आपल्या घडाला इतकी कडक सीमा, आणि तिकडून निघालेल्या डब्याला वाट मोकळी! हा अन्याय आहे आणि द्राक्ष बागायतदारांच्या बैठकीत तू तो बोलून दाखवायला हवास. पण त्या रागापायी नियम मोडू नकोस, कारण फवारताना ते औषध आधी तुझ्या आणि मजुरांच्या छातीत जातं. आणि निर्यातीतून उरलेला माल पिंपळगावच्या, नाशिकच्या पोरांनीच खायचा असतो. त्या ओळींना वेगळं औषध मारू नकोस.

गोडी छाटणीआधी, म्हणजे फळासाठीच्या ऑक्टोबरातल्या छाटणीआधी, एकदा घरी ये. फवारणीची वही घेऊन ये. मागाहून उतरवून काढलेली स्वच्छ प्रत नको. बागेत नेतोस ती, औषधाचे डाग पडलेली. तारीख, औषध, प्रमाण, काढणीला उरलेले दिवस, सगळं ओळीने बसून बघू.

तुझा,
काका