चॉम्स्कीला टीव्हीवर बोलावतं कोण?

प्रश्न: ताई, मीडिया आम्हाला जागा देत नाही हे डाव्या विचारवंतांचं कायमचं रडगाणं. मग अमेरिकेचा डावा विचारवंत आणि भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की जगभर फेमस कसा झाला? – एक वाचक, सांगली

उत्तर: अहो, फेमस असणं वेगळं आणि रोज रात्री टीव्हीवर दिसणं वेगळं. चॉम्स्कीला कुणी दारातच उभं केलं नाही असं काही नाहीये, १९६७ मध्ये 'न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स'मध्ये विचारवंतांच्या जबाबदारीवर लेख लिहून तो गाजला, १९६९ ला उजव्या विचारांच्या विल्यम बकलीच्या 'फायरिंग लाइन' या टीव्ही शोमध्ये जाऊन व्हिएतनामवरून वाद घालून आला, पुस्तकंही मोठ्या प्रकाशकांनी काढली. पण अमेरिकेच्या बड्या टीव्ही नेटवर्कवर मात्र तो क्वचितच दिसला, त्याची भाषणं व्हायची ती कॉलेजात, चर्चच्या हॉलमध्ये, छोट्या रेडिओवर.

याचं कारण मला सेन्सॉरशिपपेक्षा घड्याळ वाटतं. १९९२ च्या त्याच्यावरच्या डॉक्युमेंटरीत 'नाइटलाइन' या टीव्हीवरच्या बातम्यांच्या कार्यक्रमाचा जेफ ग्रीनफिल्ड सरळ सांगतो की आम्हाला थोडक्यात बोलणारा पाहुणा लागतो, आणि चॉम्स्कीचं म्हणणं तर नेपच्यूनवरून आल्यासारखं वाटतं! चॉम्स्कीचं यावर उत्तर पटण्यासारखं आहे: सगळे आधीच मानतात ते बोलायला दोन जाहिरातींमधला वेळ पुरतो, पण अमेरिकेनंच अमुक देशात अत्याचार केले म्हणायचं तर लगेच पुरावा द्या म्हणतात आणि पुरावा द्यायला वेळच नसतो. (आपल्याकडे एका स्क्रीनवर आठ चौकटी लावून चर्चा चालते, तिथे तर काय बोलायलाच नको.)

आता तुम्ही म्हणाल, अर्थतज्ज्ञ पॉल क्रुगमन २००० पासून २०२४ पर्यंत न्यूयॉर्क टाइम्समध्ये कॉलम लिहीतच होता की. हो, पण तो लिबरल, भांडवलशाही नीट चालवा म्हणणारा. मोडून वेगळं काही उभारा म्हणणाऱ्याला तसा नेमाचा कॉलम मिळणं अवघडच, आणि १९८८ च्या 'मॅन्युफॅक्चरिंग कन्सेंट' या पुस्तकात एडवर्ड हर्मन आणि चॉम्स्कीनं तेच मांडलंय: मालक कोण, जाहिराती कुणाच्या, बातमी कुठल्या ऑफिसातून येते यावरून चाळणी आपोआप लागते, बंदी घालावी लागत नाही.

आणि २००६ मध्ये चॉम्स्कीचं 'हेजेमनी ऑर सर्व्हायव्हल' हे पुस्तक ॲमेझॉनवर एकदम पहिल्या नंबरला गेलं ते काही समीक्षेमुळे नव्हे, व्हेनेझुएलाचा तेव्हाचा अध्यक्ष ह्यूगो चावेझ यानं युनोच्या महासभेत ते हातात धरून दाखवलं म्हणून!