पायाखालचा उतार मोजलात, डोक्यावरचा मोजलात का?

बर्फातल्या या घळीतून पुढे जावं का, असं विचारणारं तुमचं लिखाण दोनदा वाचलं. नवा बर्फ पडून दोन दिवस झालेत, आकाश निरभ्र आहे, वाट घळीच्या तळातून जाते, चढ फारसा नाही, आधीच्या गटाची पावलं उमटलेली आहेत. आणि सपाटीवर चालताना पायाखाली ‘धप्प’ झालं. गटातले म्हणतात, बर्फ बसतोय, म्हणजे पक्का होतोय. अकरा वर्षांपूर्वी मला हेच सांगितलं गेलं होतं आणि मी मान डोलावली होती.

तो आवाज बर्फ पक्का होण्याचा नाही. वरचा घट्ट थर ज्या कमकुवत थरावर टेकलेला असतो, तो तुमच्या वजनानं कोसळला आणि मधली हवा बाहेर पडली, त्याचा तो आवाज. थराचं हे कोसळणं सपाटीवरून पसरत शेजारच्या उतारापर्यंत जाऊ शकते. म्हणजे खाली उभं राहूनही तुम्ही वरच्या उतारावरचा बर्फ सोडवू शकता, हिमस्खलन घडवू शकता. आमचं तेच झालं.

उतार आम्ही मोजला होता, हे मला आजही टोचतं. होकायंत्रातल्या कोनमापकावर पायाखाली 22 अंश आले. 30 अंशांखाली बर्फाचा थर सहसा सुटून घसरत नाही हे पाठ होतं, म्हणून निर्धास्त चाललो. उजव्या हाताला वर काय आहे ते कुणीच मोजलं नाही. नंतर मोजलं, 37 निघाले. बर्फाचे थर बहुतेक वेळा 30 ते 45 अंशांच्या उतारावरूनच सुटतात, आणि सुटलेला बर्फ खाली आमच्यासारख्यांवर येतो. घळीत त्याला पसरायला जागा नसते, तो साचत जातो, त्यामुळे छोटं स्खलनही माणसाला खोल गाडतं. माझा जोडीदार दीड मीटर खाली होता. बीकन (गाडलेल्याचा ठाव लावणारं रेडिओ-यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी), फावडी सगळ्यांकडे होती आणि वापरायचा सराव होता, म्हणून बाराव्या मिनिटाला त्याचं तोंड मोकळं करता आलं. तो वाचला. खांदा मात्र कायमचा अधू झाला, आणि त्यानंतर तो बर्फात गेलेला नाही.

आदल्या दिवशी आम्ही परवान्यासाठी एका कार्यालयात गेलो होतो. ‘मार्ग सुरू आहे ना?’ ‘सुरू आहे.’ शिक्का मिळाला. त्या ‘सुरू’चा अर्थ बंदी नाही एवढाच होता, हे फार उशिरा कळलं. भिंतीवर हिमस्खलनाचं पत्रक होतं, चार दिवसांपूर्वीचं, म्हणजे वादळाच्या आधीचं. ताजं कुठे मिळेल विचारलं तर ‘ते आमच्याकडे नाही’. कुणाकडे आहे, तेही सांगितलं नाही. एक जुना कागद काढून टाकायला कितीसा वेळ लागतो? त्या माणसावर माझा अजून राग आहे. पण परवाना देणाऱ्याला बर्फाचं विचारणं ही माझीच चूक, म्हणून सांगतो: पत्रकाची तारीख आधी बघा, धोक्याच्या पातळीचा आकडा नंतर.

आकड्याबद्दलही थोडं. हिमस्खलनाच्या धोक्याच्या पाच पातळ्यांतली तिसरी म्हणजे ‘मधली, चालेल’ असं लोक धरून चालतात. युरोपातल्या नोंदींत मृत्यूंचा मोठा वाटा याच तिसऱ्या पातळीवरचा आहे.

दुसऱ्यांच्या पावलांवरही जाऊ नका. दहावा माणूस गेल्यावर अकराव्याखाली उतार सुटल्याची उदाहरणं आहेत. नवा बर्फ थांबला तरी वारा आडोशाच्या बाजूला बर्फ नेऊन टाकतच असतो. वर कड्याच्या काठावर बर्फाचं छज्ज्यासारखं पुढे आलेलं तोंड दिसलं, तर त्याखालचा उतार वाऱ्यानं आणलेल्या बर्फानं भरलेला आहे असंच धरा. खणून बघितलंत आणि तळाशी साखरेसारखे सुटे दाणे निघाले, मुठीत दाबूनही गोळा होत नसला, तर तो थर आठवडेच्या आठवडे धोकादायक राहू शकतो. ‘दोन दिवस झाले’ हा हिशोब तिथे लागू होत नाही.

जाता जाता: बीकन छातीशी असेल तर मोबाईल त्यापासून किमान 20 सेंटिमीटर दूर ठेवा आणि शोध घेताना 50. विजेवर गरम होणारे हातमोजेही त्यात धरा. आमच्या शोधात सुरुवातीला बीकनवरचे अंतराचे आकडे उड्या मारत होते ते माझ्याच खिशातल्या फोनमुळे.

मी प्रशिक्षक नाही, तुमचा डोंगर मी पाहिलेला नाही, आणि इथून कुणी ‘जा’ म्हणालं तर त्याचं ऐकू नका, माझंही नाही. पण धप्प आवाज आलेला असताना त्या घळीतून मी जाणार नाही. दुसरी वाट धारेवरून असेल तर ती बघा, नसेल तर परत फिरा. घळीच्या दोन्ही बाजूंचा नकाशा आणि गेल्या तीन दिवसांची वाऱ्याची दिशा इथे टाकलीत तर वरचे उतार कुठे 30 च्या पुढे जातात ते मी आज रात्री बसून काढून देतो.