फाउंडेशन लावलं की चेहरा राखाडी का दिसतो?

प्रश्न : ताई, मी सावळी आहे. मेमध्ये चुलतबहिणीचं लग्न आहे, येवल्याची मोरपंखी पैठणी नेसणार आहे. फाउंडेशन लावलं की चेहरा राखाडी दिसतो. एरवी मी फक्त काजळ लावते. काय घेऊ?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : तुला कुणीतरी ‘एक शेड उजळ’ दिलीय, दुसरं काय! फिकट शेडमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य जास्त असतं. सावळ्या कातडीवर ते राखेसारखं दिसतं. मेनरोडला जाशील तेव्हा दोन-तीन शेडचे पट्टे जबड्याच्या कडेला लाव. मनगटावर नको, तिथला रंग वेगळा असतो. मग दुकानातल्या ट्यूबलाइटखालून बाहेर ये, पंधरा मिनिटं थांब (काही फाउंडेशन हवेने गडद होतात) आणि उन्हात आरशात बघ. मानेत मिसळून जाईल तो पट्टा तुझा. दुकानदार ‘गोरं दिसाल’ म्हणाला तर सरळ पुढच्या दुकानात जा.

डोळ्यांखालच्या काळेपणावर फाउंडेशनच्या आधी नारिंगी करेक्टर (काळेपणा झाकणारं रंगीत क्रीम), अगदी टिपक्याएवढं.

ओठांना वीटकरी किंवा मरून. बेबी पिंक सावळ्या ओठांवर खडूसारखं दिसतं, मला तरी मुळीच आवडत नाही. मोरपंखी पैठणीचे काठ जरीचे, म्हणून आयशॅडोत चमक नको. काजळ तुझं नेहमीचंच ठेव, मेच्या उकाड्यात वॉटरप्रूफ घे. सगळ्या चेहऱ्याला फाउंडेशन हवंच असंही नाही. नाकाच्या बाजूला, हनुवटीवर पुरे. आणि हे सगळं लग्नाच्या आठवडाभर आधी एकदा करून बघ, फ्लॅश लावून फोटोही काढ.