यंत्रं नसताना अमेरिकेने खंड ओलांडणारी रेल्वे सहा वर्षांत कशी बांधली?

रेल्वेच्या घाटविभागात रुळांच्या देखभालीवर माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे तुमच्या प्रश्नातल्या ‘सहा वर्षं’ या शब्दांपाशीच मी आधी थांबलो. आकडा बरोबर आहे, पण सरासरी फसवी आहे.

पश्चिमेला कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोहून पूर्वेकडे निघालेल्या सेंट्रल पॅसिफिक कंपनीने पहिला रूळ टाकला ऑक्टोबर १८६३ मध्ये. सिएरा नेवाडा डोंगररांगेचा माथा तिथून फक्त १०५ मैलांवर, पण तो गाठायला नोव्हेंबर १८६७ उजाडला. आणि उरलेले सुमारे ५८५ मैल? दीड वर्षात पुरे! समोरून ओमाहाहून येणाऱ्या युनियन पॅसिफिकला बराच काळ सपाट माळरान मिळालं, तिने १,०८६ मैल चार वर्षांत ओढले. म्हणजे कोडं आहे ते डोंगराचं.

याच डोंगरातला, डोनर खिंडीजवळचा सहा नंबरचा बोगदा घ्या. लांबी १,६५९ फूट, उंची समुद्रसपाटीपासून सुमारे सात हजार फूट, आणि खडक ग्रॅनाइट. एकाने पोलादी पहार धरून फिरवत राहायची, दोघांनी तिच्यावर आळीपाळीने घण घालायचे, भोक पुरेसं खोल गेलं की दारू ठासून बत्ती द्यायची. आपला बोरघाटही १८६३ मध्ये असाच घण, पहार आणि दारूवर पुरा झाला होता. पण या ग्रॅनाइटमध्ये दिवसरात्र पाळ्या लावूनही एका तोंडावर दिवसाला जेमतेम फूटभर काम होई. म्हणून डोंगरावरून मधोमध विहिरीसारखा खड्डा खाली उतरवला आणि आतून दोन्ही बाजूंना खणायला घेतलं. दोनाची चार तोंडं झाली. पुढे नायट्रोग्लिसरीन हे दारूहून जोरदार स्फोटक तिथेच तयार करून वापरलं. १८६६-६७ च्या हिवाळ्यात बर्फाची ४४ वादळं मोजली गेली. माणसं बर्फाखाली भुयारं करून राहत होती, त्यातूनच कामावर जात होती. हिमकडे कोसळून गाडले गेलेले काही जण बर्फ वितळल्यावरच सापडले.

ही माणसं चिनी होती, बहुतेक ग्वांगडोंग प्रांतातली. कामावरचा अधिकारी स्ट्रोब्रिज त्यांना घ्यायला तयार नव्हता. गोरे मजूर टिकेनात, चांदीच्या खाणींकडे पळत, म्हणून १८६५ मध्ये पन्नासेक चिनी मजूर घेऊन पाहिले. दोन वर्षांत या कंपनीच्या दर दहा मजुरांपैकी आठ-नऊ चिनी झाले. पगार महिना ३० ते ३५ डॉलर, त्यातूनच स्वतःचं जेवण. गोऱ्या मजुराला मात्र पगारावर जेवणखाण वेगळं मिळे. जून १८६७ मध्ये हजारो चिनी मजुरांनी ४० डॉलर आणि कमी तास मागत काम थांबवलं. कंपनीचा बांधकामप्रमुख क्रॉकर याने त्यांच्या छावण्यांचा शिधा बंद केला. आठवड्याभरात संप मोडला.

एवढी घाई कशासाठी, तेही सांगतो, कारण वेगाचं अर्धं उत्तर तिथे आहे. लिंकनने १ जुलै १८६२ ला सही केलेल्या कायद्याप्रमाणे सरकार मैलामागे कर्जरोखे देत होतं: सपाटीला १६ हजार डॉलर, डोंगरात ४८ हजार. शिवाय रुळांच्या दोन्ही बाजूंची जमीन. ती जमीन शायान, लकोटा अशा मूळ रहिवासी जमातींची होती, त्यांना कुणी विचारलं नाही. जितके मैल तितका पैसा, आणि दोन्ही रूळ कुठे मिळणार हे ठरलेलंच नव्हतं! युटामध्ये दोन्ही कंपन्यांचे भराव एकमेकांना ओलांडून दोनशेहून जास्त मैल समांतर गेले. अखेर एप्रिल १८६९ मध्ये संसदेने प्रॉमंटरी ही जागा ठरवून दिली.

त्याच महिन्यात, २८ एप्रिलला, सेंट्रल पॅसिफिकने एका दिवसात दहा मैल रूळ टाकले. तीस फुटी रूळ धरले तर ३,५२० नग होतात, आणि ते सगळे आठ आयरिश मजुरांनी हाताने उचलून ठेवले. आजच्या मीटरला ६० किलो भरणाऱ्या रुळांपुढे ते निम्म्याहून हलके होते हे खरं, पण मी रूळ वाहणारे खांदे रोज पाहिले आहेत, मला हा आकडा अजून पचत नाही. त्या आठांची नावं नोंदलेली आहेत. पुढेमागे स्लीपर सरळ करणाऱ्या, खडी कुटून बसवणाऱ्या चिनी मजुरांची नाहीत. पगारपत्रकावर बहुतेक वेळा टोळीच्या मुकादमाचंच नाव. वीसेक हजार माणसं राबली, पण त्यांच्या हातचं एकही पत्र आजवर सापडलेलं नाही.

१० मे १८६९ ला दोन्ही रूळ जोडणारा सोन्याचा खिळा बसला आणि तारेवरून देशभर ‘झालं’ एवढाच संदेश गेला. तेरा वर्षांनी, १८८२ मध्ये, चिनी मजुरांना अमेरिकेत येण्याचीच बंदी झाली. ती उठली १९४३ मध्ये.

सहा नंबरच्या बोगद्यातून १९९३ पर्यंत गाड्या जात होत्या. आता रूळ काढले आहेत, आत चालत जाता येतं. कधी गेलात तर भिंतीवर हात फिरवून बघा, पहारेने पाडलेल्या भोकांच्या खाचा अजून बोटाला लागतात.