गाळा तुमचा, करिअर तिचं

प्रश्न : मुलगी एमडी रेडिओलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोनोग्राफी सेंटरसाठी गाळा घेऊन ठेवलाय. आता ती म्हणते, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजीत (स्कॅनवर बघत सुईने उपचार करण्याची शाखा) डीएम ही एमडीनंतरची पदवी करायची, मणक्यात कॅन्सर पसरलेल्यांवर उपचार करायचे. जे बरेच होणार नाहीत त्यांच्यासाठी आणखी तीन वर्षं कशाला? तिला समजवा. – एक वडील, सांगली

उत्तर : पत्रात गाळ्याचं क्षेत्रफळ आहे, हप्ता आहे, स्थळांच्या अपेक्षाही आहेत. मुलीला हे काम का करावंसं वाटतं, याची एक ओळ नाही. विचारलंच नसेल. डॉक्टर झालेल्या मुलीला समजवायला तुम्ही परक्या माणसाला गाठता, मला काळजी त्याची वाटते. गाळ्याचा हप्ता तिने फेडायचा, हे तिच्याशी कधी ठरलं होतं? भाड्याने द्या तो.

आणि 'बरेच होणार नाहीत' म्हणजे करण्यासारखं काही उरलं नाही, हे डोक्यातून काढा. स्तनाचा, फुप्फुसाचा कॅन्सर मणक्यात उतरला की हाड पोखरतं, खचतं. कूस बदलणंही नको होतं. रेडिएशनचा गुण यायला कधी काही आठवडे जातात. अशा वेळी सीटीवर बघत पाठीतून सुई मणक्यात नेतात, रेडिओफ्रीक्वेन्सीच्या, म्हणजे विद्युतलहरींच्या उष्णतेने गाठ जाळतात आणि पोकळीत हाडाचं सिमेंट भरतात. मज्जारज्जू काही मिलिमीटरवर असतो. तापमान 45 अंशांपुढे गेलं तर नसांना इजा होऊ शकते, म्हणून शेजारी तापमान मोजणारी तार ठेवतात, मध्ये ग्लुकोजचं पाणी सोडून नसा दूर सारतात. सलाइन, म्हणजे मिठाचं पाणी चालत नाही, त्यातून वीज वाहते. आयुष्य याने वाढेलच असं नाही. पण अंथरुणाला खिळलेला माणूस अनेकदा काही दिवसांत उठून बसतो. याला वाया गेलेली तीन वर्षं म्हणायचं?

डीएमच्या प्रवेश परीक्षेचं म्हणाल तर नीट-एसएस. एम्ससारख्या संस्थांसाठी आयएनआय-एसएस.

तिलाही दोन गोष्टी सांगतो. हे काम एकट्याने होत नाही. कॅन्सरतज्ज्ञ, स्पाइन सर्जन, भूलतज्ज्ञ लागतात, म्हणजे मोठं हॉस्पिटल आलंच. तासन्‌तास क्ष-किरण अडवणारा शिशाचा जड ॲप्रन अंगावर असतो. नुसत्या यंत्रांची भुरळ पडली असेल तर फार टिकणार नाही. आधी काही आठवडे पॅलिएटिव्ह ओपीडीत, म्हणजे बरे न होणाऱ्यांचा त्रास कमी करणाऱ्या विभागात बसून बघावं.

पुढचं पत्र तिला लिहू द्या. आणि पाठवण्याआधी वाचायला मागू नका.